अजिंठ्याच्या सरकारी नकला : साधन म्हणून त्यांची किंमत

अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांविषयीं आजवर विपुल लिहिलें गेलें आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तीं चित्रें नव्हेत. त्यांच्या सरकारी नकला हा आहे. इ. स. १८४४ पासून पुढें जवळजवळ शतकभर प्रथम कंपनी सरकारनें, नंतर मुंबई सरकारनें व अखेर निजाम सरकारनें पगारी माणसें नेमून या भिंती कापडावर व कागदावर उतरवून घेतल्या, आणि त्या नकलांचा संग्रह आपापल्या समजुतीप्रमाणें केला. या संग्रहाची गत दोन घरच्या पाहुण्यासारखी झाली आहे. कलेचे अभ्यासक 'या तर नकला' म्हणून त्यांस बाजूस सारतात. इतिहासाचे अभ्यासक 'हीं तर चित्रें' म्हणून त्यांच्या वाटेस जात नाहींत. वस्तुतः जुन्या कागदाची नक्कल हातीं आली असतां आपण जे प्रश्न विचारतों, म्हणजे ती कोणीं केली, कोणत्या अस्सलावरून केली, केव्हां व कोणाच्या हुकुमानें केली, आणि करतांना नकलकारानें पदरचें काय घातलें, तेच प्रश्न या कापडांस विचारले पाहिजेत. ते विचारले म्हणजे सरकारनें चित्रकार नेमला याबद्दल त्याची जी स्तुति होते व नकला परदेशीं नेल्या याबद्दल जी निंदा होते, तीं दोन्ही कांहींशीं वरवरचीं ठरतात.

हकीकत थोडक्यांत सांगतों. २८ एप्रिल १८१९ रोजीं मद्रास लष्करांतील जॉन स्मिथ नांवाच्या अधिकाऱ्यानें दहाव्या लेण्यांतील खांबावर आपलें नांव व तारीख कोरली. युरोपियनांच्या दृष्टीस लेणीं पडल्याचा हा पहिला निश्चित दाखला. खांबावरील रंगीत आकृतीवरच ही कोरणी झालेली आहे, यावरून पुढील प्रकाराची कल्पना यावी. १८३९ सालीं जेम्स फर्ग्युसन तेथें गेला, १८४३ सालीं त्यानें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें खोदीव लेण्यांवर निबंध वाचला, आणि त्या संस्थेच्या अर्जावरून कंपनीच्या डायरेक्टरांनीं १८४४ सालीं मद्रास लष्करांतील कॅप्टन रॉबर्ट गिल याची नेमणूक अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याकडे केली.

गिल यानें सुमारें वीस वर्षें हें काम केलें. पुढें तो मेजर झाला. अजिंठा गांवांत त्याचें बिऱ्हाड असे, आणि तेथून लेण्यांपर्यंतची वाट त्या काळीं सोपी नव्हती. १८५६ सालीं मृत्यु पावलेल्या पारो नांवाच्या स्त्रीची समाधि त्या गांवीं आहे व तिच्याभोवतीं पुष्कळ रसाळ वाङ्मय जमलें आहे; इतिहासाच्या दृष्टीनें त्यांत घेण्याजोगें आहे तें समाधीवरील नांव व तारीख एवढेंच, म्हणून त्यांत शिरत नाहीं. गिलनें मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत केलेल्या सुमारें तीस नकला लंडनला गेल्या. तेथें सिडनहॅमच्या स्फटिकगृहांत, ज्यास क्रिस्टल पॅलेस म्हणत, त्या लोकांस पाहण्यासाठीं लावल्या होत्या. ३० डिसेंबर १८६६ रोजीं त्या इमारतीच्या एका भागास आग लागली आणि बोटांवर मोजण्याइतकीं कापडें सोडून बाकी सर्व जळून गेलीं. १८५६ सालीं श्रीमती स्पीअर यांच्या प्राचीन हिंदुस्थानविषयक ग्रंथांत कांहीं नकलांवरून केलेले लहान लाकडी ठसे छापले होते; तेवढा मागमूस उरला. गिलनें स्वतः घेतलेले लेण्यांचे फोटोग्राफ फर्ग्युसनच्या १८६४ च्या पुस्तकांत आहेत, परंतु ते मुख्यतः शिल्पाचे व वास्तूचे. काळोख्या भिंतींवरील रंग टिपण्याचें सामर्थ्य त्या काळच्या कांचेंत नव्हतें. गिल १८७९ सालीं वारला. भुसावळ येथें त्याची कबर आहे.

येथें सरकारच्या हातून घडलेली चूक आगीची नव्हे. आग कोणाच्याही घरास लागते. आपल्याकडील किती दप्तरें आगींत, पुरांत व वाळवीनें गेलीं हें या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. चूक ही कीं, वीस वर्षें पगार देऊन करविलेल्या कामाची दुसरी प्रत सरकारनें कोठेंच ठेविली नाहीं. मराठी दप्तरांतला साधा कारकूनही महत्त्वाचें पत्र रवाना होण्यापूर्वीं त्याची नक्कल करून ठेवी. ज्या कंपनी सरकारच्या कचेरींत एका पत्राच्या चार-चार प्रती निरनिराळ्या गलबतांनीं धाडण्याचा परिपाठ होता, त्या सरकारला चित्राच्या बाबतींत ही बुद्धि झाली नाहीं. याचें कारण उघड आहे. पत्र हें दप्तर समजलें गेलें, चित्र हें प्रदर्शनाची वस्तु समजलें गेलें. नक्कल करण्याचा हुकूम दप्तराच्या बुद्धीनें झाला. ती ठेवण्याची व्यवस्था तमाशाच्या बुद्धीनें झाली.

हाच प्रकार दुसऱ्या खेपेस घडला म्हणूनच तो लक्षांत घेण्यासारखा आहे. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत १८६५ पासून चित्रकला शिकविणारा जॉन ग्रिफिथ्स यानें नकलांचें काम पुन्हां हातीं घेण्याची सूचना मुंबई सरकारास केली, आणि १८७२ पासून मधल्या खंडासह १८८५ पर्यंत तो हिंवाळ्यांत आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यास जात असे. तीनशेंच्या आसपास नकला तयार झाल्या. ग्रिफिथ्सचा हेतु गिलपेक्षां निराळा होता. हिंदी विद्यार्थ्यांस ग्रीक पुतळ्यांच्या चुनेगच्ची साच्यांवरून रेखाटन शिकविलें जात असतां त्यांच्याच देशांतील भिंतींवर याहून जवळचे व उत्तम नमुने आहेत, असें त्याचें म्हणणें होतें. तें आज सर्वांस मान्य होईल. त्या काळीं एका सरकारी शाळेंतील शिक्षकानें तें म्हणावें हें त्याच्या पदरीं घालण्याजोगें पुण्य आहे. पण शिकवणुकीसाठीं करविलेल्या नकला शिकणाऱ्यांजवळ राहिल्या पाहिजेत, हा त्यांतला दुसरा अर्धा भाग सरकारनें गाळला. बहुतेक कापडें लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाकडे गेलीं, आणि १२ जून १८८५ रोजीं तेथें लागलेल्या आगींत त्यांपैकीं पुष्कळ जळालीं. ज्या वर्षीं काम आटोपलें त्याच वर्षीं त्यांतला मोठा वांटा राख झाला. पहिल्या आगीस तेव्हां वीस वर्षेंही झालीं नव्हतीं.

उरलेल्या सामग्रीवरून भारतमंत्र्यांच्या हुकुमानें ग्रिफिथ्सचे दोन थोर खंड प्रसिद्ध झाले. पहिला १८९६ सालीं कथाचित्रांचा, दुसरा १८९७ सालीं नक्षीकामाचा. खंड पाहिलेल्यांस त्यांची योग्यता सांगणें नको. दुसऱ्या खंडांतील छतांवरील वेलपत्ती, हंस, फळें, बुटके गण यांचे पट्ट पहिल्या खंडाहून सरस उतरले आहेत असें आमचें मत आहे, व त्याचें कारणही आहे. नक्षींत नकलकारास भावाचा अर्थ लावावा लागत नाहीं. डोळा व हात यांवर काम भागतें. मुखचर्येची गोष्ट वेगळी. तेथें शाळेंत तैलरंग शिकलेला हात नकळत छायाप्रकाशाकडे ओढला जातो आणि अजिंठ्याच्या रेषेचा जोर मऊ होतो. शिवाय मूळ काम भुसा व तंतु मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर, पांढऱ्या अस्तरावर, कोरड्या पृष्ठभागीं केलेलें. त्याचा रंग मंद व निस्तेज चकाकीचा. कापडावरील तैलरंग चकाकतो व काळानें काळवंडतो. तेव्हां रंगाच्या बाबतींत या नकला साक्षीदार म्हणून दुय्यम, आकृतींची मांडणी, वेष, अलंकार व पात्रें यांच्या बाबतींत प्रथम प्रतीच्या, असा भेद करूनच त्यांचा उपयोग केला पाहिजे.

या खंडांच्या मुखपृष्ठावर अजिंठ्यापुढें 'खानदेश' असें छापलें आहे. लेणीं त्या काळीं मोगलाईंत, निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यांत होतीं; खानदेश इंग्रजी मुलूख. खानदेशची हद्द तेथून जवळ हें खरें, पण मुंबई सरकारनें खर्च केला म्हणून लेणींही मुंबई इलाख्यांत ओढलीं गेलीं कीं काय अशी शंका कोणास आली तर तीस जागा आहे. एका पुणेरी संग्राहकानें या शब्दाखालीं शिसपेन्सिलीनें रेघ मारून ठेविलेली प्रत आम्हीं पाहिली आहे. दुसरी एक प्रत एका मोठ्या ग्रंथालयांत पाहावयास गेलों तों तींतील कित्येक रंगीत पट्ट पात्यानें सफाईदार कापून नेलेले आढळले. जळालें तें परदेशीं जळालें, एवढेंच म्हणून आपली सुटका नाहीं.

आतां नांवांचा प्रश्न. ग्रंथ ग्रिफिथ्सच्या नांवावर आहे. कापडें बहुतांशीं विद्यार्थ्यांच्या हातचीं. त्यांत पेस्तनजी बमनजी (१८५१–१९३८) पुढें नामांकित चित्रकार झाला म्हणून त्याचें नांव लोकांस ठाऊक आहे. जगन्नाथ अनंत हें नांव किती वाचकांनीं ऐकलें असेल? लंडनच्या संग्रहालयाच्या यादींत कित्येक कापडांपुढें आज हीं नांवें दिलेलीं आढळतात ही समाधानाची गोष्ट आहे. म्हणजे नोंद मुळांतच नव्हती असें नाहीं. पण ती ग्रंथाच्या दर्शनी भागीं आली नाहीं, आणि गेल्या सव्वाशें वर्षांत 'ग्रिफिथ्सच्या नकला' हाच शब्द रूढ झाला. आम्हीही वर तोच वापरला आहे.

याच संग्रहालयांत अकबरनाम्याची सचित्र प्रत आहे. ती १८९६ सालीं, म्हणजे ग्रिफिथ्सचा पहिला खंड निघाला त्याच वर्षीं, तेथें विकत घेतली गेली. तिच्यांतील चित्रांखालीं समासांत तांबड्या शाईनें कारकुनी हातानें चित्रकारांचीं नांवें आहेत, आणि तींही मोघम नव्हेत. तरह अमक्याची, अमल तमक्याचा, असें कामाच्या वांटणीसह. अबुल फजलनें ऐन-इ-अकबरींत लिहिलें आहे कीं, दारोगे व कारकून दर आठवड्यास चित्रकारांचें काम बादशहापुढें ठेवीत व कामाची कसोटी पाहून बक्षीस किंवा पगारवाढ होई. बादशाही कारखाना हा काहीं चित्रकाराचें स्वातंत्र्य मानणारा नव्हता. तेथें माणूस चाकरच होता. परंतु चाकराचें काम हिशेबीं धरावयाचें म्हणजे तें कोणाचें हें लिहिलें पाहिजे, एवढा दप्तरी विवेक त्या सोळाव्या शतकांतील कचेरीस होता. एकाच इमारतींत दोन सरकारांनीं पगारी हातांकडून करविलेलें काम आहे. त्यांतील जुन्या सरकारची नोंद अधिक चोख निघते. ज्यांस मोगल कारखान्याच्या हुकमी चित्रकलेविषयीं नाक मुरडावयाचें आहे त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

या नकलांनीं इतिहासाचें हित केलें तसें नुकसानही केलें. त्याचें ठळक उदाहरण पुलकेशीच्या दरबाराचें. पहिल्या लेण्यांत परदेशी वेषाचे पुरुष राजास नजराणा देत आहेत असा एक देखावा आहे. १८७९ सालीं फर्ग्युसननें रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत असें प्रतिपादन केलें कीं, हा चालुक्य दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारीं इराणच्या दुसऱ्या खुस्रूनें पाठविलेल्या वकिलातीचा प्रसंग आहे. त्याच लेण्याच्या छतांतील टोपी घातलेला पेला घेतलेला पुरुष खुस्रूच होय असेंही त्यानें मानलें. तबरीच्या इतिहासांतील एका उल्लेखाची जोड मिळतांच ही कल्पना सिद्धांत होऊन बसली व आपल्या शाळांच्या पुस्तकांत शिरली. महाराष्ट्राच्या एका बलाढ्य राजाचें समकालीन चित्र मिळालें या आनंदांत पुराव्याची तपासणी राहून गेली. फर्ग्युसन लंडनमध्यें लिहीत होता. भिंत त्याच्यासमोर नव्हती. भिंतीवरून नक्कल, नकलेवरून तर्क, तर्कावरून धडा, अशी ही परंपरा आहे.

पुलकेशीची कारकीर्द इ. स. ६१० पासून ६४२ पर्यंतची. उलट सोळाव्या लेण्यांतील शिलालेख वाकाटक हरिषेणाचा अमात्य वराहदेव याचा आहे, आणि वॉल्टर स्पिंक यांनीं आयुष्यभराच्या अभ्यासानंतर उत्तरकालीन लेण्यांचें मुख्य काम पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, सुमारें ४६२ ते ४८० या थोड्या अवधींत कोंबलें आहे. त्यांच्या वर्षवार कोष्टकाविषयीं मतभेद असोत. पण काम हरिषेणाच्या काळांतलें हें आतां बहुतेक अभ्यासक धरून चालतात. तसें असेल तर या देखाव्यांत पुलकेशी असणें शक्य नाहीं, आणि भोंवतालच्या भिंती बौद्ध कथांनीं भरलेल्या असतां हा एकच तुकडा राजदरबारची बातमी असावा हें मुळांतच संशयास्पद होतें. 'मरणोन्मुख राजकन्या' या नांवानें गाजलेलें सोळाव्या लेण्यांतील चित्रही याच मालिकेंतलें. नंदाच्या प्रव्रज्येच्या कथेंतील त्याची पत्नी सुंदरी ती हीच, हें आतां ओळखलें गेलें आहे. भिंतीवरची स्त्री मरत नसून पति संन्यासी झाल्याच्या वार्तेनें मूर्च्छित झाली आहे. नकलेस दिलेलें मथळ्याचें नांव मूळ भिंतीस चिकटतें व पुढें खरवडून निघत नाहीं. पोथीच्या वेष्टनावर कोणीं भलतेंच नांव घातलें तर ती पोथी पिढ्यान् पिढ्या त्याच नांवानें यादींत फिरते, हा अनुभव आपणांपैकीं अनेकांस असेल.

नकलेनें अस्सलास इजा केली हा आरोप याहून गंभीर आहे, आणि तो खोटा नाहीं. मंद झालेले रंग उठून दिसावेत म्हणून नकलकारांनीं भिंतीवर वॉर्निश फासलें. तें पिवळें पडून तडकलें व रंगाचे पापुद्रे घेऊन सुटूं लागलें. जुना कागद वाचतां येईना म्हणून त्यावर तेल चोळणारा वाचक आणि हा नकलकार यांत फरक नाहीं. तरी हें कबूल करतांना दुसरी बाजू सांगितली पाहिजे. त्या काळीं लेण्यांवर कसलाही पहारा नव्हता. मुंबईच्या डॉक्टर बर्ड या पुराणवस्तुशोधकानें सतराव्या लेण्यांतील चक्रांतल्या आकृति संग्रहालयासाठीं म्हणून सोलून काढिल्या व त्या बहुतेक नष्ट झाल्या. भिंतीवरून कापून नेलेला एक तुकडा अमेरिकेंत बोस्टनच्या संग्रहालयांत आहे. कापून नेणाऱ्यांच्या शेजारीं बसून कापडावर उतरवून घेणारे लोक अपराधी असले तरी त्याच पंक्तीचे नव्हत. आणि त्यांनीं उतरविलेल्यांपैकीं जो गिलावा पुढें गळून पडला, त्याच्यापुरती त्यांची नक्कल आज अस्सलाच्या जागीं आहे.

पुढील प्रयत्नांचा उल्लेख ओझरताच करतों. १९०९ ते १९११ च्या दोन हिंवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनीं केलेल्या नकलांत नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त व व्यंकटप्पा हे तरुण चित्रकार आणि हैदराबादचे सय्यद अहमद व फजलुद्दीन काझी सामील होते. हें काम सरकारी नव्हे. तें १९१५ सालीं लंडनच्या इंडिया सोसायटीनें छापलें, आणि त्यांत साह्यकांचीं नांवें व्यवस्थित आहेत. या नकला १९११ सालीं प्रदर्शनांत मांडल्या त्या त्याच क्रिस्टल पॅलेसमध्यें, हें वाचून हंसावें कीं रडावें कळत नाहीं. जपानी चित्रकार अराई कांपो यांनीं केलेल्या नकला टोकिओस गेल्या व १९२३ च्या भूकंपांत नाहींशा झाल्या. निजाम सरकारनें १९१४ सालीं पुराणवस्तुखातें काढलें. त्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनीं १९३० पासून १९५५ पर्यंत चार भागांत अजिंठ्याचे पट्ट प्रसिद्ध केले, त्यांत भर नकलेवर नसून रंगीत फोटोग्राफवर होता. त्याच खात्यानें १९२० ते १९२२ मध्यें सेकोनी व काउंट ओरसिनी या इटालियन कारागिरांकडून भिंतींची डागडुजी करविली. सुटत चाललेला गिलावा त्यांनीं चिकटविला म्हणून पुष्कळ भाग वांचला. वर दिलेला लाखेचा लेप मात्र कालांतरानें काळवंडला व पुढें भारत सरकारच्या खात्यास तो काढीत बसावें लागलें. आपल्याकडे औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं चित्रकारांस बरोबर नेऊन नकला करविल्या व १९३२ सालीं अजिंठ्यावर पुस्तक काढलें. स्वतः हातीं कुंचला धरणाऱ्या संस्थानिकाच्या दृष्टीस नकलकार दिसतो, हें औंधाच्या बाबतींत स्पष्ट आहे.

ग्रिफिथ्सच्या वेळचीं उरलेलीं कापडें लंडनला दीर्घ काळ गुंडाळून पडलीं होतीं. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांची पाहणी व दुरुस्ती झाली, आणि दिव्या पटेल यांनीं २००७ सालीं त्यांविषयीं निबंध लिहून पुन्हां वाट मोकळी केली. तीं कापडें परत आणावीं अशी मागणी अधूनमधून ऐकूं येते. प्रस्तुत लेखकास तींत फारसें तथ्य दिसत नाहीं. एकाच ठिकाणीं ठेवलेली एकुलती एक प्रत लंडनला जळते तशी मुंबईसही जळूं शकते. मागणी करावयाची तर ती अशी असावी कीं, प्रत्येक कापडाचा पूर्ण आकाराचा, मापपट्टीसह रंगीत फोटो. त्यावरील व पाठीमागील सर्व अक्षरांची बरहुकूम नक्कल. लेण्याचा अंक व भिंतीची बाजू. आणि नकलकाराचें नांव, एवढें मुंबईच्या कलाशाळेंत, औरंगाबादेस व लेण्यांच्या पायथ्याशीं अशा तीन ठिकाणीं ठेवावें. त्यानंतर गिल, बर्जेसचे १८७९ चे टिपण, ग्रिफिथ्स, हेरिंगहॅम, यझदानी व आजची भिंत हे सहा साक्षीदार एका भिंतीपुरते तरी ओळीनें उभे करावेत. सुरुवात सोळाव्या लेण्यापासून करावी. तेथें वराहदेवाचा लेख असल्यानें काळाविषयीं वाद कमी आहे, आणि सुंदरीच्या चित्राचा कोणता भाग कोणत्या दशकांत गेला हें त्यावरून निश्चित करतां येण्याजोगें आहे.